डिस्कला बोट लावू नका

बबनराव घोसाळकरांचा अपमान झाला तो शुक्रवारी संध्याकाळी, जेसल पार्कजवळ, धाकू मेस्त्रीच्या सायकलच्या टपरीसमोर आणि तेही तीन माणसांच्या देखत. आता त्यातला एक पंक्चर काढायला आलेला होता आणि त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या मागच्या चाकात होतं. पण अपमान मोजताना माणसं अशी गाळायची नसतात.

झालं एवढंच होतं की बबनरावांच्या मुलीच्या, म्हणजे दिव्याच्या, सायकलचा पुढचा ब्रेक बिघडला होता. चाक फिरताना खर्र खर्र वाजायचं आणि ब्रेकची दांडी दाबली की ती थेट मुठीला जाऊन टेकायची. हल्लीच्या सायकलींना रबराचे गुटके नसतात. चाकाच्या मधोमध ताटलीसारखी एक चकचकीत पोलादी डिस्क असते आणि दांडी दाबली की तार ओढली जाऊन दोन पॅड त्या डिस्कला चिमटा काढतात. धाकू मेस्त्री उकिडवा बसून हे बघत होता, तेवढ्यात बबनरावांनी वाकून विचारलं, "ही वाकडी झालीय का हो?" आणि डिस्कवर बोट टेकवलं.

धाकूने त्यांचं मनगट धरलं. "डिस्कला बोट लावू नका, सायेब. काय झाला तरी बोट लावू नका." मग त्याने फडकं घेऊन बबनरावांनी बोट लावलेली जागा पुसली. पुसली ती पुसली, वर फुंकरही मारली.

ती फुंकर बबनरावांना लागली. विमा कंपनीच्या वाहन दाव्यांच्या खात्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस! ट्रक, टँकर, रोडरोलरसुद्धा ज्यांच्या टेबलावरून गेले, त्यांचं बोट एका सायकलला चालू नये? त्यांनी सायकल ताब्यात घेतली. "राहू दे. आम्ही घरीच करू," म्हणाले आणि इंद्रलोकमधल्या घरापर्यंत ती हाताने ढकलत आणली. रागावलेल्या माणसाला रिक्षा सुचत नाही.

घरी उर्मिलावहिनी वाटच बघत होत्या. कारण रविवारी दसरा आणि दसऱ्याला सकाळी दिव्याचा सायकल ग्रुप डोंगरी गावावरून उत्तनच्या समुद्राकडे जाणार होता. दिव्या बारावीत, मोठ्या रस्त्याने एवढ्या लांब पहिल्यांदाच चाललेली. डोंगरीच्या पुढचा तो उतार उर्मिलावहिनींनी एकदा बसमधून पाहिला होता, म्हणजे निम्मा पाहिला होता. उरलेल्या निम्म्याला त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"झाला का ब्रेक?" त्यांनी विचारलं.

"उद्या करतो. मी स्वतः."

"तुम्ही?"

या "तुम्ही"त वीस वर्षांचा संसार होता. गळका नळ होता, भिंतीतून उपटून आलेली खुंटी होती आणि एक मिक्सर होता ज्याच्याबद्दल त्या घरात बोलत नाहीत.

"हे बघ उर्मिला, त्या ब्रेकची जबाबदारी माझी."

"नक्की? उतार आहे हो तिथे. पोर माझी एकुलती एक आहे."

"माझीही तेवढीच एकुलती आहे," बबनराव म्हणाले. "घेतली जबाबदारी."

आता जबाबदारी हा शब्द बबनरावांनी ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यात बांधला होता. "दावा नामंजूर. कारण : मालकाचा निष्काळजीपणा." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की पेन आपोआप तिकडे वळायचं. स्वतःच्या गळ्यात मात्र ती पहिल्यांदाच पडत होती.

शनिवारी सकाळी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. बारा मिनिटांचा होता. एक हिंदी बोलणारा पोरगा हसत हसत ब्रेक खोलत होता आणि हसत हसत लावत होता. बबनरावांनी नऊ मिनिटं एकाग्रतेने पाहिला आणि बंद केला. पुढे लाइक करा, शेअर करा याशिवाय काय असणार?

घरात जागा नव्हती म्हणून त्यांनी लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये पेपर अंथरले, सायकल उलटी केली आणि ब्रेकचे दोन्ही बोल्ट सोडवले. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि सोसायटीचे सेक्रेटरी चंदनभाई बाहेर आले.

"कॉमन पॅसेजमां रिपेरिंग नहीं चाले, घोसाळकरभाई."

"पाच मिनिटांचं काम आहे, चंदनभाई."

"पाच मिनिट का हो या पाच घंटे का, अरजी तो लगेगी." मग नियम सांगून झाल्यावर माणूस म्हणून ते खाली वाकले आणि सल्ला दिला, "ब्रेक थोडा टाइट रखो. पण एकदम टाइट नहीं. थोडा लूज भी रखो." एवढं ज्ञान देऊन ते वळले, तो त्यांच्या पायाचा धक्का वाटीला लागला. वाटीत बोल्ट आणि वॉशर ठेवले होते. बोल्ट तिथेच आडवे पडले. एक वॉशर मात्र टणटणत निघाला आणि लिफ्टच्या फटीच्या दिशेने गेला. दोघांनी पाहिलं. दोघांनीही हात पुढे केला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की दुसरा करेल.

"गया," चंदनभाई म्हणाले.

लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर लिफ्ट कंपनीचा माणूस लागतो. कंपनीचा माणूस यायचा तर सोसायटीचं पत्र लागतं. आणि सोसायटीने पत्र द्यायचं तर सभासदाचा अर्ज लागतो, तीन प्रतींत. बबनरावांनी ग्रीस लागलेल्या हाताने अर्ज लिहिला. विषय : माझा वॉशर खड्ड्यात पडल्याबाबत. कामाचं नाव त्यांनी लिहिलं नाही, नाहीतर पॅसेजमधल्या दुरुस्तीचा दुसरा अर्ज द्यावा लागला असता. चंदनभाईंनी तिन्ही प्रती घेतल्या आणि कमिटीची मीटिंग दिवाळीनंतर आहे असं सांगितलं.

दुपारी जेवायला बसताना बबनरावांनी चप्पल काढली, तर वॉशर टाचेखाली रुतून बसलेला! अर्ज मात्र गेला तो गेलाच.

तीन वाजता पुन्हा सुरुवात. आता खाली पार्किंगमध्ये, कारण पॅसेजमधलं नाक कापून झालं होतं. दांडी दाबून धरायची, पॅडनी डिस्क पकडली की बोल्ट आवळायचे, असं त्या पोराने सांगितलं होतं. त्याच्याकडे हसायला वेळ होता, म्हणजे त्याला तीन हात असणार. बबनरावांना दोनच होते. त्यांनी दांडी करदोड्याने बांधली. बोल्ट आवळले, चाक फिरवलं, चाक फिरेना. तार सैल केली, चाक फिरलं, थांबेना. आतल्या बाजूचा पॅड बोल्ट फिरवायच्या छोट्या चावीने अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एक फेरा जास्त झाला आणि खर्र आवाज सुरू. एक फेरा कमी, तर दांडी पुन्हा मुठीला. चार वाजले, पाच वाजले. येणारा जाणारा थांबून "काय चाललंय?" विचारत होता आणि बबनराव प्रत्येकाला "झालंच" म्हणत होते.

दिव्या क्लासवरून आली. "बाबा, धाकूमामांकडे देऊ या ना. ते अर्ध्या तासात करतात."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे रे. पण उद्या मी एकटी नाहीये. मला मधेच थांबता आलं नाही तर मी पुढच्यांवर आदळेन आणि मागचे माझ्यावर येतील."

हे तिने साधेपणाने सांगितलं. पण बबनराव चावी घेऊन पुन्हा चाकापाशी बसले. रागबिग बाजूला राहिला. आता हा ब्रेक लागलाच पाहिजे होता.

शेवटी उपयोगी पडलं ते त्यांचं व्हिजिटिंग कार्ड. बढती झाली तेव्हा मोठ्या हौसेने दोनशे छापली होती. तेव्हापासून आजपर्यंत नऊ वाटली गेली होती, त्यातली चार नातेवाइकांना. दोन कार्डं त्यांनी डिस्कच्या दोन बाजूंना पॅडच्या फटीत सरकवली, करदोडा आवळला, बोल्ट पक्के केले, करदोडा सोडला आणि कार्डं ओढून काढली. चाक फिरवलं. आवाज नाही! दांडी दाबली. निम्म्यावर थांबली. चाक जागच्या जागी उभं. बबनरावांनी पार्किंगमध्ये स्वतः एक चक्कर मारली, जोरात ब्रेक दाबला आणि सीटवरून उडून दांड्यावर आपटले. कुठे लागलं ते सांगण्यासारखं नाही, पण तरीही ते हसत होते.

खरं सांगायचं तर ब्रेक त्यांनी उत्तम लावला होता. हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात कुणी हे लक्षात ठेवणार नाही.

रविवारी पहाटे बबनराव आंघोळ करून रेशमी सोवळं नेसून तयार. दसऱ्याला घरोघरी हत्यारांची पूजा असते. उर्मिलावहिनींनी पाटावर विळी, सुरी, शिवणयंत्राची कात्री आणि दिव्याची पुस्तकं मांडली. बबनरावांनी आपला लॅपटॉप ठेवला, कालची छोटी चावी ठेवली आणि सायकल दारातून आत आणून पाटाशेजारी उभी केली. हँडलला झेंडूची माळ घातली. हँडलला कुंकू लावलं, घंटीला लावलं. आणि मग ते डिस्कसमोर बसले.

आदल्या दिवशीचे आठ तास त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. याच चकतीने छळलं होतं आणि हीच अखेर शरण आली होती. तिला साधं बोट लावून कसं चालेल? त्यांनी कुंकवाची चिमूट लावली, पण गुळगुळीत पोलादावर कोरडं कुंकू राहीना, भुरभुरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. धाकू मेस्त्रीचं वाक्य त्यांना आठवलं की नाही? आठवलं. आठवलं म्हणूनच तर त्यांनी अनामिका समईच्या तेलात चांगली बुडवली, कुंकवात घोळवली आणि डिस्कवर पाच ठसठशीत टिळे काढले. मग डिस्कच्या पलीकडच्या बाजूला पाच. बोटाला उरलेलं तेल-कुंकू भक्तिभावाने दोन्ही पॅडच्या कडांना पुसलं.

"बोट लावू नका म्हणे," ते पुटपुटले आणि नमस्कार केला.

दिव्या आत बुटांच्या नाड्या बांधत होती. ती आली, दोघांच्या पाया पडली, हेल्मेट चढवलं.

"बाबा, ब्रेक?"

"मी लावलाय," बबनराव म्हणाले. एवढे ते कधी ताठ उभे राहिले नव्हते.

ती सव्वासहाला गेली. साडेसातला चहाचा कप हातात घेऊन बबनरावांनी कालचा व्हिडिओ पुन्हा उघडला. त्या पोराला खाली दोन कौतुकाचे शब्द लिहावेत, असा उदार विचार होता. लिहिता लिहिता व्हिडिओ पुढे सरकला, नऊ मिनिटांच्या पलीकडे गेला. पोरगा आता हसत नव्हता.

"और सबसे ज़रूरी बात. डिस्क और पैड पे तेल ग़लती से भी नहीं लगना चाहिए. एक बूँद भी लगी, तो ब्रेक गया समझो."

कप बशीत उतरला नाही, बशीच्या शेजारी उतरला. बबनरावांनी आपल्या अनामिकेकडे पाहिलं. लाल होती आणि चमकत होती.

त्यांनी दिव्याला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. फोन सीटमागच्या पिशवीत असणार, हे त्यांना माहीत होतं, तरी सात वेळा लावला.

"काय झालं?" उर्मिलावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

खोटं बोलायची वेळ असते तशी ही नव्हती. "उर्मिला, मी ब्रेकला तेल लावलं. कुंकू टिकत नव्हतं म्हणून. तेलाने ब्रेक लागत नाही. आणि ती उताराला चाललीय."

बबनराव ओरडा खायला तयार होते. उर्मिलावहिनींनी फक्त दाराकडे बोट दाखवलं. "मग इथे काय उभे आहात?"

ते सोवळ्यातच धावले. गेटवर चंदनभाई शिडीवर चढून तोरण बांधत होते आणि शिडीने सगळी वाट अडवली होती. "पाच मिनिट, घोसाळकरभाई! गेट बंद छे." बबनराव शिडीखालून रांगत गेले. वरून चंदनभाईंचा आवाज आला, "अरे, आपकी वो लिफ्टवाली अरजी बिना मीटिंग के मंजूर हो गई!"

नाक्यावर एकच रिक्षा होती आणि तिचा मालक तिला हार घालत होता. "डोंगरी! जल्दी!"

"पूजा के बिना गाड़ी नहीं निकलेगी, भाईसाहब. अभी नारियल बाकी है."

बबनरावांनी त्याच्या हातातला नारळ घेतला आणि फुटपाथच्या कडेवर असा आपटला की एका घावात दोन भकलं झाली. पाणी उडालं ते त्यांच्याच तोंडावर. "झाली पूजा. चला!"

पूल ओलांडला. मुर्धा गाव गेलं, राई गेलं. प्रत्येक सायकल दिव्याची वाटत होती आणि एकही तिची नव्हती. बबनरावांच्या डोक्यात आपोआप फाइल उघडली. वाहन : सायकल. स्थळ : उतार. कारण? सव्वीस वर्षांत ज्या ज्या लोकांना त्यांनी ते वाक्य लिहून परत पाठवलं होतं, ते सगळे आज रिक्षात शेजारी बसून होते. "देवा, कारण काहीही लिही, पण माणसाच्या इजेच्या रकान्यात काही लिहू नको," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारण रिक्षावाल्याने मागे पाहिलं.

"समोर बघा हो! तुमचा ब्रेक ठीक आहे ना?"

"अभी तो कुमकुम लगाया है."

"कहाँ?" बबनराव किंचाळले.

"काँच पे, भाईसाहब. और कहाँ लगाते हैं?"

उतार सुरू झाला तिथे पुढे एक टेम्पो आडवा लागला होता. बबनराव उतरून पळत सुटले. एका हातात सोवळ्याचा सोगा, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. वळणावर रस्त्यात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. पुढे आणखी पाकळ्या आणि मग अख्खी तुटलेली माळ. बबनराव तिच्यापाशी वाकले. हँडलची माळ त्यांनी स्वतः ओवली होती, मधे आंब्याचं पान घालून. पान तिथेच होतं.

"दिव्या!" त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. "दिव्याऽऽ!"

"बाबा?"

वळणाच्या पलीकडे कठड्यावर सहा-सात पोरं केळी खात बसली होती. सायकली गवतात आडव्या. त्यांच्या मधोमध दिव्या, हातात अर्धं केळं. "बाबा, तू सोवळ्यात? आईला काही झालं का?"

बबनराव तिच्यासमोर उभे राहिले. तिच्या दोन्ही दंडांना हात लावून पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, मग मटकन कठड्यावर बसले. डोळ्यांतून जे निघत होतं ते नारळाचं पाणी आहे असं म्हणायची सोय होती.

"ब्रेक..." ते म्हणाले.

"मस्त लागतोय! या उतारावर दोन बोटांनी दाबत आले. माळ वाऱ्याने तुटली तेवढी."

"लागतोय?"

ते उठून सायकलपाशी गेले. डिस्क आरशासारखी स्वच्छ होती. दहापैकी एकही टिळा नव्हता. पॅडही नवे होते, आणि ब्रेकच्या बोल्टच्या खाचेत, जिथे चावी बसते तिथे, पिवळीधमक हळद भरली होती. बबनरावांनी हळद कुठेच लावली नव्हती. त्यांनी वळून दिव्याकडे पाहिलं. दिव्या समुद्राकडे बघत होती, फार लक्ष देऊन.

"माझ्या बाबांनी स्वतः लावलाय ब्रेक," ती मैत्रिणीला म्हणाली. "काल आठ तास लागले."

"खरंच, काका?" ती मैत्रीण म्हणाली. "माझा पण लावून द्याल? वाजतो खूप."

काल असं कुणी विचारलं असतं, तर बबनरावांनी दोन व्हिजिटिंग कार्डं काढली असती.

"जेसल पार्कला धाकू मेस्त्री म्हणून आहेत," ते म्हणाले. "त्यांच्याकडे न्या. आणि डिस्कला बोट लावू नका."

दिव्याने झटकन मान वळवली. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. बबनरावांनी उर्मिलावहिनींना फोन लावला, "सुखरूप आहे," एवढंच म्हणाले आणि पलीकडचं रडणं ऐकत बराच वेळ उभे राहिले.

परतताना रिक्षा त्यांनी जेसल पार्ककडे वळवली. टपरीचं दार अर्धं उघडं होतं. आत फळीवर धाकूची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली, प्रत्येकाला हळद लावलेली, प्रत्येकावर एक फूल. मध्ये एक जागा रिकामी होती. तिथलं फूल बाजूला सरकवलेलं होतं आणि तिथली बोल्टची चावी खाली, काळ्या पडलेल्या फडक्यावर पडली होती. शेजारी दोन जुने पॅड, तेलाने तुकतुकीत आणि कुंकवाने लाल.

"पोर साडेसहाला इली," धाकू म्हणाला. "गेटभायेर पडल्यावर ब्रेक दाबून बघितला म्हणे, लागलाच नाय. पायानं थांबवलीन सायकल. हुशार हाय. बाबांना सांगू नका म्हणाली, काल लई राबलेत."

"पण मेस्त्री, पूजेला मांडलेलं हत्यार आज उचलत नाहीत ना?"

"नाय उचलत. चाळीस वर्षांत उचललं नव्हतं." धाकूने खांदे उडवले. "पण ती म्हणाली, उताराला जायचाय."

सोवळ्याच्या कनवटीला सकाळी पूजेतलं आपट्याचं एक पान खोचलेलं होतं, सुरकुतलेलं. बबनरावांनी ते धाकूच्या हातात ठेवलं. आणि जेसल पार्कच्या भर रस्त्यावर, या वेळी चांगल्या आठ-दहा माणसांच्या देखत, ते खाली वाकले आणि त्याच्या पायांवर दोन्ही हात ठेवले.

धाकू गडबडला, पण मागे सरकला नाही. त्याने बबनरावांच्या तेलकट, लाल बोटाकडे पाहिलं.

"पायाला लावा, सायेब, हवी तेवढी बोटं लावा," तो म्हणाला. "डिस्कला नको."